चौदा नंबरच्या शिक्क्याची कबुली

मित्रांनो, जरा जवळ या, कारण मोठ्याने बोलायची मला सवय नाही. मी एक रबरी शिक्का आहे, आता जुना झालेला. मोल्दोव्हा नावाच्या छोट्या देशात, उत्तरेकडच्या एका कस्टम कचेरीत, कपाटाच्या दुसऱ्या कप्प्यात माझा मुक्काम असतो. माझी मूठ अक्रोडाच्या लाकडाची आहे आणि तोंड वाटोळे आहे. शिक्के टेबलावर धाडकन आपटतात, म्हणून ते मोठे धीट असतात असे लोकांना वाटते. इतरांचे मला माहीत नाही, पण मी जन्मापासून भित्रा. माझी सगळी गोष्ट भीतीचीच आहे. शूरवीराची कथा ऐकायला बसला असाल तर आत्ताच सांगून ठेवलेले बरे.

माझा जन्म राजधानीत झाला, दोन हजार चौदा सालच्या वसंतात. एका म्हाताऱ्या कारागिराने मला घडवले. आधी त्याने कडेने देशाचे नाव कोरले, खाली चौदा हा आकडा घातला आणि मधोमध आमच्या राज्यचिन्हातला रानबैल काढला. त्या रानबैलाच्या दोन शिंगांमध्ये एक तारा असतो. तिळाएवढा तारा, आणि त्याला पुन्हा आठ टोके! तो कोरताना म्हाताऱ्याने श्वास रोखून धरला होता. काम संपल्यावर त्याने बायकोला हाक मारली.

"बघ, असा तारा साऱ्या देशात दुसऱ्या कुणाला जमायचा नाही."

बायको भिंग डोळ्याला लावून म्हणाली, "एवढा बारीक काढायला सांगितलं होतं कुणी? शिंक आली तरी उडेल. चला आता, जेवण गार होतंय."

त्या बाईचे शब्द माझ्या मनात कायमचे रुतून बसले. त्या दिवसापासून कुणी शिंकले की मला वाटते, गेला तारा.

दुसऱ्या दिवशी मला शाई लावून पांढऱ्या कोऱ्या कागदांवर माझे ठसे घेतले. ते पाकिटांत घालून ब्रसेल्सला गेले आणि तिथून अठ्ठावीस देशांत. म्हणजे आता या अठ्ठावीस देशांपैकी कुठेही माझा ठसा असलेला कागद गेला, की तिथला अधिकारी नमुना काढणार, शेजारी ठेवणार आणि ताडून पाहणार. जुळला तर ठीक, नाही जुळला तर माल दाराबाहेर. पाकिटे बंद करणाऱ्या कारकुनाने मला डब्यात ठेवताना गमतीने दम भरला, "चौदा नंबर, आता जसा आहेस तसाच राहायचं हं!"

त्याची गंमत झाली, माझी झोप उडाली. माणसांचे बरे असते. फोटोत भरघोस केस आणि समोर चकचकीत टक्कल असले तरी त्यांना ओळखतात. मला तेवढीही मुभा नव्हती.

आता हा सगळा खटाटोप कशासाठी, ते सांगतो. युरोपातल्या अठ्ठावीस देशांनी मिळून एक संघ केला होता. आपापसांत ते माल मोकळेपणाने नेत-आणत. आमच्या देशालाही त्या संघात जायचे होते. पण मागितले आणि मिळाले, असे तिथे होत नाही. आधी सहयोग करार करतात. घरात अजून घेतलेले नाही, पण ओसरीवर बसायला जागा दिली, असा तो प्रकार. आमचे नियम शिका, तुमची व्यवस्था आमच्यासारखी करा, कागद खरे द्या, मग तुमच्या मालावरचा कर आम्ही सोडू. आत घ्यायचे की नाही ते पुढे बघू, असे त्याचे म्हणणे. त्यात एक मेख होती. कर सुटणार तो फक्त आमच्या मातीत पिकलेल्या मालाला. दुसरीकडून आणून आमच्या नावावर खपवलेल्या मालाला नाही. म्हणून माल इथलाच आहे असा एक दाखला द्यावा लागतो, आणि त्या दाखल्यावर उमटणारा शिक्का म्हणजे मी.

जूनच्या अखेरीस करारावर सह्या झाल्या. लोक नाचले. पण पूर्वेच्या मोठ्या शेजाऱ्याला ते रुचले नाही आणि जुलैत त्याने आमच्या फळांना आपले दार बंद केले. वर्षानुवर्षे आमची फळे त्याच दाराने जात होती. झाडांना यातले काहीच कळत नाही. ती आपली ठरल्या वेळी पिकायला लागली.

कचेरीत माझी मालकीण झाली डोम्निका. वय शेहेचाळीस, अंगाने आडवी, बोलायला फटकळ आणि स्वच्छतेची अशी भोक्ती की तिच्या टेबलावर माशीसुद्धा पाय पुसून बसे. शिक्का ज्याच्या नावावर त्याची सगळी जबाबदारी, असा नियम आहे. ती मला सूर्यफुलाच्या बियांच्या हलव्याच्या रिकाम्या डब्यात, खाली मऊ फडके घालून ठेवी. डबा तिजोरीत, तिजोरीची किल्ली गळ्यात. मला वाटले, सुटलो. या बाईच्या हातात मला काही होणार नाही.

ऑगस्टमध्ये एक दिवस पांतेलेयकाका आले. पेर्जेनी नावाच्या गावातले हे अडुसष्ट वर्षांचे गृहस्थ. गावातल्या एकतीस घरांच्या आलुबुखाराच्या बागा होत्या आणि त्या साऱ्यांनी मिळून यांना पुढे केले होते. ते बाकावर बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले,

"डोम्निका, पोरी, हा नवा करार म्हणजे काय ते मला एका वाक्यात सांग. जास्त सांगितलंस तर विसरेन."

"माल तुमचा असला आणि कागद बरोबर असला, तर पलीकडे कर नाही."

"माल माझाच. झाडं आजोबांनी लावलीत. कागद कुठाय?"

"कागद माझ्याकडे."

"म्हणजे तू शिक्का मारेपर्यंत आजोबांची झाडं माझी नाहीत?"

"नाहीत."

"वा! माझ्या आजीनेसुद्धा म्हाताऱ्याला एवढं नाचवलं नव्हतं," काका म्हणाले आणि दोघेही हसले.

पण हसण्याजोगे फारसे काही नव्हते. एका जर्मन व्यापाऱ्याने मोठ्या मिनतवारीनंतर एक ट्रक मागवला होता. पहिला ट्रक नीट आला तर गावाचा बाकीचा माल घेतो, परत गेला तर पुन्हा फोन करू नका, असे त्याने स्वच्छ सांगितले होते. आणि पिकलेला आलुबुखार झाडावर आठवडाभरापेक्षा जास्त थांबत नाही. पूर्वेचे दार बंद, पश्चिमेचे हे एवढेसे किलकिले. हे सगळे मी डब्यातून ऐकत होतो आणि माझ्या लक्षात आले की एकतीस घरांचे वर्ष माझ्या तोंडावर अवलंबून आहे. हे कळल्यावर कुणाला झोप येईल?

मग ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात बातमी आली की करार लागू होताना कचेऱ्या पाहायला युरोपचे पाहुणे येणार. मित्रांनो, आमच्याकडे पाहुणे येणार म्हटले की पहिली धाव चुन्याकडे. भिंती तर पांढऱ्या करतातच, पण झाडांचे बुंधे आणि रस्त्याकडेचे दगडही सोडत नाहीत. आमचे मुख्य अधिकारी ग्रोसूसाहेब यांनी झेंड्याच्या खांबाचा पायथासुद्धा रंगवून घेतला. कचेरीचे मांजर तेवढे वाचले, कारण ते आधीच पांढरे होते.

डोम्निका आतली सफाई करत होती. तिच्याकडे सफाईला एकच औषध, आलुबुखाराची घरी गाळलेली दारू. आमच्या गावागावांत तिनेच खिडक्या पुसतात, तिनेच जखमा धुतात, तिनेच छाती चोळतात आणि मग उरलेली पितात. डोम्निकाने दारूत बोळा बुडवून काचा पुसल्या, टेलिफोन पुसला, आपला चष्मा पुसून खिडकीत वाळत ठेवला. मग तिची नजर तिजोरीकडे गेली.

"अगं बाई, हा राहिलाच की," ती म्हणाली.

मला काही झालेले नव्हते. ठसे घेताना लागलेली थोडी शाई रेषांमध्ये वाळली होती, इतकेच. पण पाहुणे मळका शिक्का पाहतील या कल्पनेने तिच्या अंगावर काटा आला. तिने मला तोंडाकडून दारूत बुडवले. जळजळ झाली, रबर फुगले, मऊ पडले. मी मनात म्हटले, सोसू. मग तिने कॉलरला लावलेली सुई काढली.

मला ओरडता येत नाही. येत असते तर त्या दिवशी सगळी कचेरी हादरली असती. सुईचे टोक देशाच्या नावातून फिरले, चौदाच्या आकड्यातून फिरले, रानबैलाच्या नाकपुड्या साफ करून वर सरकले. शिंगांमध्ये शाईचा एक कण अडकला होता. डोम्निकाने तो टोकरला. शाई निघाली, आणि तिच्याबरोबर तारा निघाला. बोळ्यावर तिळासारखा एक काळा ठिपका दिसला. तिने बोळा कचऱ्याच्या डब्यात टाकला, मला वर्तमानपत्रावर एकदा दाबून पाहिले आणि चष्मा नसलेल्या डोळ्यांनी माझा ठसा न्याहाळून म्हणाली, "आता कसा माणसात आला!"

त्यानंतरचे पाच दिवस माझे कसे गेले ते माझे मला ठाऊक. तारा गेला हे साऱ्या जगात फक्त मला माहीत होते. पाहुणे आले, प्लाचिंता म्हणजे आमच्याकडच्या सारण भरलेल्या पोळ्या खाल्ल्या, चुना लावलेल्या झाडांबरोबर फोटो काढून निघून गेले. मला कुणी पाहिलेही नाही. अठ्ठावीस देशांच्या कपाटांत तारा असलेला मी होतो आणि इथे डब्यात तारा नसलेला मी. रात्रंदिवस मी एकच विचार करत होतो. हे उघड झाले की मला कापून टाकणार.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सकाळी ट्रक कचेरीच्या आवारात आला. वीस टन आलुबुखार, वर ताडपत्री. चालक झाहारिया हा पेर्जेनीतलाच, बडबड्या माणूस. पांतेलेयकाकांनी बायकोच्या हातच्या गरम प्लाचिंता आणल्या होत्या, चीज आणि शेपू भरलेल्या. डोम्निकाने माल तपासला, बागांचे कागद पाहिले, दाखला लिहिला. मग तिने डबा उघडला. तिच्या श्वासाची ऊब मला जाणवली, कारण शिक्का मारण्याआधी ती नेहमी त्याच्यावर 'हाऽ' करून वाफ सोडायची. माझी तर बोबडीच वळली होती. वाटत होते, शाई जास्त लागू दे, डाग पडू दे, हात हलू दे, काहीतरी होऊन सगळे धूसर उमटू दे. पण डोम्निकाचा हात कधी हलत नसे. ठसा उमटला तो आरशासारखा लख्ख.

"मारला?" काकांनी विचारले.

"मारला."

"झाडं माझी झाली?"

"झाली."

काकांनी क्रूस काढल्यासारखे छातीवर बोट फिरवले. ट्रक निघाला. काका मात्र निघाले नाहीत. "गाडी पूल ओलांडेपर्यंत मी या बाकावरून उठत नाही," ते म्हणाले. "घरी गेलो तर बायको दर पाच मिनिटांनी विचारील. इथे निदान कुणी विचारत नाही."

प्रूत नदीवरचा पूल तासाभरावर होता. पलीकडे संघाची हद्द. दोन तास झाले. तीन झाले. बारा वाजून गेल्यावर फोन वाजला. झाहारियाचा आवाज इतका मोठा होता की तिजोरीतही ऐकू यावा, आणि मी तर टेबलावरच होतो.

"ताई, इथला साहेब भिंग घेऊन बसलाय! म्हणतो, शिक्का नमुन्याशी जुळत नाही. म्हणतो, तारा कुठाय?"

"कुठला तारा?"

"मला काय माहीत कुठला! बैलाच्या डोक्यावरचा म्हणे. मी म्हटलं, साहेब, दिवसाढवळ्या तारे कुठून दिसणार? तर रागावला. ताई, उन्हात उभा आहे हो मी. ताडपत्रीखालून रस गळायला लागलाय. गांधीलमाश्यांनी नुसता वेढा घातलाय."

डोम्निकाने फोन खाली ठेवला. चष्मा लावला, वर भिंग धरले आणि मला उचलून खिडकीशी नेले. मी डोळे मिटले असते, पण मला पापण्या नाहीत. तिने पाहिले आणि तिचे तोंड माझ्या शेजारच्या भिंतीसारखे पांढरे झाले.

"सुई," ती एवढेच म्हणाली.

ग्रोसूसाहेब धावत आले. ते वाईट माणूस नव्हते, मित्रांनो. फक्त तेही माझ्यासारखेच घाबरट होते. दार लावून घेऊन ते हळू आवाजात म्हणाले, "डोम्निकाबाई, हे असं बाहेर कळलं तर तुमची नोकरी जाईल आणि माझी खुर्ची. ऐका माझं. नवा दाखला करा. शिक्का मारा. आणि बारीक टोकाच्या पेनाने तिथे एक तारा काढा. तिळाएवढा तर आहे. पहिल्या वेळी शाई नीट उठली नव्हती, म्हणून सांगू."

तिने काकांकडे पाहिले. काकांची मान खाली होती. टोपी हातात पिळत ते म्हणाले, "मला यातलं कळत नाही, पोरी. पण एकतीस घरं आहेत. काढता येत असेल तर काढ."

तिने कपाटातून कोरा दाखला घेतला, भरला आणि मला त्यावर दाबले. ठसा उमटला, शिंगांमध्ये रिकामी जागा. तिने पेन उचलले. पेनाचे टोक त्या रिकाम्या जागेवर आले आणि तिथे थांबले.

आता मी जे सांगणार आहे ते आजवर कुणाला सांगितले नव्हते. त्या क्षणी मी मनातल्या मनात जीव तोडून ओरडत होतो, काढ! काढ ना, बाई! एक ठिपका, फक्त एक ठिपका! माल जावा म्हणून नव्हे हो. काकांची आणि त्या एकतीस घरांची मला आठवणही राहिली नव्हती. मी कापला जाऊ नये म्हणून मी ओरडत होतो. माझा जन्मच मुळी खरे सांगण्यासाठी झाला होता. पण भीतीने माझी पाचावर धारण बसली होती आणि खोट्या ताऱ्याची मी भीक मागत होतो. माझी कबुली ती हीच.

डोम्निकाने पेन खाली ठेवले.

"काका," ती म्हणाली, "माल तुमचा आहे, हे मी लिहिलंय. ते खरं आहे. आता खऱ्या मालावर मी खोटा तारा काढला, तर माल तरी खरा कसा राहील? आणि त्यांनी ओळखलं, तर तुमचीच गाडी नाही अडणार. इथून जाणारा प्रत्येक कागद ते भिंगाखाली धरतील. द्राक्षवाल्यांचा, अक्रोडवाल्यांचा, सगळ्यांचा."

"मग करायचं काय?" काका जवळजवळ ओरडले. "आलुबुखार थांबत नाही गं!"

"नियम आहे. दाखला तांत्रिक कारणाने नाकारला, तर मागाहून दुसरा देता येतो. पण चांगल्या शिक्क्याचा. आणि कारण खरं लिहायला लागतं."

तिने कागद ओढला आणि लिहायला लागली. ग्रोसूसाहेब तिच्या खांद्यावरून वाचत होते आणि घाम पुसत होते.

"'शिक्का दारूने धुऊन सुईने साफ केला'? अहो, दारू कशाला लिहिता? सगळा युरोप हसेल!"

"लावली ती दारूच होती, साहेब."

"निदान मद्यार्क तरी लिहा."

"बरं, मद्यार्क," डोम्निका म्हणाली आणि पुढे लिहिले, "आलुबुखाराचा."

साहेबांनी कपाळावर हात मारला, पण सही केली. हे त्यांचेही मी धाडसच मानतो. मग तिने मला फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकले आणि काकांच्या खिळखिळ्या मोटारीतून आम्ही निघालो. पंधरा नंबरचा शिक्का शेजारच्या तालुक्यातल्या कचेरीत होता. तिथे हकीकत सांगायला लागली, आणि हसू दाबणाऱ्या चार माणसांपुढे ती सांगताना डोम्निकाचे कान लाल झाले होते. पंधरा नंबरने नव्या दाखल्यावर ठसा उमटवला. त्याचा तारा शाबूत होता. मला त्याचा हेवा वाटला आणि लाजही वाटली.

पुलावर पोचलो तेव्हा ऊन उतरत आले होते. ट्रकच्या चाकाशी जांभळा ओघळ साचला होता. झाहारिया टोपीने गांधीलमाश्या हाकलत होता. त्याने डोम्निकाला पाहिले आणि म्हणाला, "ताई, आणखी दोन तास थांबलो तर इथेच मुरांबा होईल, फक्त साखर आणा."

पलीकडच्या टोकाला एक छोटी खोली होती. तिथला अधिकारी तरुण, दाढी नेटकी, चेहऱ्यावर एक रेघ हलत नव्हती. डोम्निकाने त्याच्यापुढे नवा दाखला ठेवला, पत्र ठेवले आणि शेवटी मला ठेवले. त्याने तिन्ही गोष्टी पाहिल्या. मग कपाटातून माझा नमुना काढला आणि माझ्या शेजारी ठेवला. इतक्या दिवसांनी मी माझा तारा पाहिला. तो खरोखरच सुंदर होता.

"हे तुम्ही स्वतः लिहिलंत?" त्याने विचारले.

"हो."

"सुई तुमचीच?"

"माझीच."

"आमच्या घरी आजी पियानोसुद्धा दारूने पुसायची," तो हळूच म्हणाला आणि लगेच पुन्हा गंभीर झाला. "पण हे माझ्या एकट्याच्या हातात नाही. वर विचारावं लागेल. उत्तर उद्या सकाळी."

ती रात्र तिघांनी ट्रकच्या आडोशाला काढली. सकाळी साडेदहाला त्या खोलीतला फोन वाजला, आणि पाच मिनिटांनी रस्त्यावरचा आडवा दांडा वर गेला. झाहारियाने भोंगा असा वाजवला की नदीवरची बदके उडाली. वरच्या थरांतल्या पेट्या सडल्या होत्या, त्या पुलाअलीकडे उतरवाव्या लागल्या. बाकीचा माल गेला. व्यापाऱ्याने थोडी कुरकुर केली आणि आठवड्याभरात दुसरा ट्रक मागवला. पांतेलेयकाकांनी गावी फोन लावला. फोन त्यांनी डोम्निकाच्या हातात दिला आणि कठड्याशी जाऊन उभे राहिले.

आता माझे. मला बाद करण्याचा हुकूम आला. डोम्निकाला ताकीद मिळाली आणि वर्षभरासाठी तिला आवारातल्या वजनकाट्यावर पाठवले. उन्हात, थंडीत, धुळीत तिने ते वर्ष काढले. पण त्याआधी मला कापायचे काम तिलाच करावे लागले. समोर साक्षीला ग्रोसूसाहेब आणि आणखी दोघे होते. तिने मला शेवटचे शाईवर टेकवले आणि कोऱ्या कागदांवर ठसे घेतले. या वेळी ते तारा नसलेले होते आणि खाली तारा कसा गेला ते तिच्या अक्षरात लिहिले होते. तेही कागद अठ्ठावीस देशांत गेले, हा शिक्का पुन्हा कुठे दिसला तर मानू नका, असे सांगायला.

मग तिने पाते घेतले. माझे काय झाले असेल ते तुम्ही ओळखा. तिने डाव्या हाताचा अंगठा माझ्या कडेवर घट्ट दाबून धरला, मी हलू नये म्हणून. तो अंगठा गार होता. "घाबरू नको रे," ती पुटपुटली, पण ते बहुधा स्वतःलाच म्हणत असावी. पाते आडवे फिरले, मग उभे फिरले. दुखले. त्यानंतर मी वाट पाहत राहिलो की आता ती जुनी भीती परत येईल. ती आली नाही. जिची इतके दिवस धास्ती घेतली होती ती गोष्ट होऊन गेली होती, आणि कापलेला का होईना, मी अजून होतो; तिजोरीतून मला या कपाटात ठेवले, इतकेच.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. हातातली वस्तू जपून वापरा, आणि जपण्याच्या नादात तिला ओरबाडू नका. तुमच्या हातून काही तुटलेच, तर त्या जागी पेनाने तारा काढू नका. आणि एक दिवस दुसरेच कुणी तुटलेली वस्तू हातात घेऊन तुमच्यापुढे येईल आणि आपली चूक सांगू लागेल. त्या वेळी हसू नका, लगेच रागावूही नका. पुलावरच्या त्या तरुण अधिकाऱ्याने पत्र वाचायच्याही आधी काय केले ते तुम्हांला सांगायचे राहिले. त्याने डोम्निकाकडे पाहिले, उठला, आणि आपली खुर्ची तिला बसायला दिली.